गरोदरपणात आजार झाला, तर प्रसूती रजा नेमकी कधी सुरू करायची?

सातव्या महिन्यात डेंग्यू झाला, पंधरा दिवस घरी गेले, अंगात अजून त्राण नाही. अशात ऑफिसातून फोन येतो, "मॅडम, आता परत येण्यापेक्षा सरळ मॅटर्निटीवरच जा ना." घरची मंडळीही तेच म्हणतात. या फोनवर लगेच हो म्हणू नका. आजारपणाची रजा आणि बाळंतपणाची रजा ही दोन वेगळी खाती आहेत. बाळ जन्मायच्या आधी प्रसूती रजेतला एक आठवडा खर्च केला, की बाळ मांडीवर आल्यानंतरचा एक आठवडा कमी झाला.

पण रजा वाचवायच्या नादात बीपी १५० असताना नागपूरहून बुटीबोरीची बस धरायची नाही. म्हणून दोन प्रश्न सुटे करून घ्या. आज कामावर जाण्यासारखी तब्येत आहे का, हा डॉक्टरांचा प्रश्न. प्रसूती रजेचा पहिला दिवस कोणता, हा हिशोबाचा प्रश्न. नुकसान होतं ते दोन्हींचं उत्तर एकाच अर्जात दिल्यामुळे.

तारीख एकच ठेवा

सगळा हिशोब प्रसूतीच्या अपेक्षित तारखेवर उभा असतो आणि बहुतेक फायलींमध्ये ही तारीख दोन-तीन प्रकारची सापडते. एक पाळीवरून काढलेली, एक तिसऱ्या महिन्यातल्या सोनोग्राफीची, आणि एक आठव्या महिन्यातल्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर छापलेली. ११ ते १३ आठवड्यांच्या सोनोग्राफीतली तारीख सगळ्यात भरवशाची. नंतरच्या सोनोग्राफीत बाळाच्या मापावरून तारीख येते. बाळ थोडं लहान असलं की ती पुढे सरकते, मोठं असलं की मागे. त्या तारखेवरून रजा मोजायची नाही. एचआरकडे मात्र नेमका शेवटचाच रिपोर्ट पोचतो आणि आठ-दहा दिवसांचा घोळ होतो. डॉक्टरांकडून एका कागदावर एकच अपेक्षित तारीख लिहून घ्या आणि पुढच्या प्रत्येक अर्जात तीच वापरा.

इथे उदाहरणाला १५ जून २०२६ ही तारीख घेऊ. सोमवार आहे, मोजायला सोपं. तिच्यावरून मागे आलं, की असं दिसतं:

२९ आठवडे पूर्ण: ३० मार्च
३२ आठवडे: २० एप्रिल
३४ आठवडे: ४ मे
३६ आठवडे: १८ मे
३७ आठवडे: २५ मे
३८ आठवडे: १ जून

आपल्या तारखेवरून हाच तक्ता वहीत मांडा आणि डॉक्टरकडे जाताना सोबत न्या.

कायदा काय देतो

खासगी नोकरीत, दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत, पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे भरपगारी रजा आहे. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे अपेक्षित तारखेच्या आधी घेता येतात. दोन मुलं हयात असतील, तर एकूण १२ आणि आधीचे जास्तीत जास्त ६. अपेक्षित तारखेच्या आधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यातल्या, २०१७ च्या दुरुस्तीनंतरच्या या तरतुदी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या आहेत. वरचे आकडे तेच आहेत.

याचा आजाराशी थेट संबंध असा, की ३२ आठवड्यांच्या आधी ही रजा सुरूच होऊ शकत नाही. २९ व्या आठवड्यात आजारी पडलेल्या बाईला "मॅटर्निटीवर जा" म्हणणं नियमातच बसत नाही. ३० मार्च ते १९ एप्रिल हे तीन आठवडे आजारी रजा, अर्जित रजा किंवा वर्क फ्रॉम होम यांतूनच (आजार गरोदरपणातून आला असेल, तर खाली सांगितलेल्या जादा महिन्यातून) काढायचे आहेत.

२६ आठवडे म्हणजे १८२ दिवस आणि त्यात रविवार, सणवार सगळे मोजतात. त्या रविवारांचे पैसेही मिळतात. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये हे स्पष्ट केलेलं आहे.

आता उदाहरणातल्या तारखेला हे लावून पाहा. २० एप्रिलला रजा सुरू केली, तर १८ ऑक्टोबरला संपते आणि १९ ऑक्टोबरला कामावर हजर. १५ जूनला जन्मलेलं बाळ तेव्हा १८ आठवड्यांचं असेल. १८ मे पासून घेतली तर १६ नोव्हेंबरला हजर, बाळ २२ आठवड्यांचं. १ जूनपासून घेतली तर ३० नोव्हेंबर, बाळ २४ आठवड्यांचं. कळा सुरू होईपर्यंत काम केलं तर १४ डिसेंबर, बाळ पुरतं सहा महिन्यांचं. सहा महिने निव्वळ अंगावरचं दूध द्यायचं असतं. त्यामुळे चार महिन्यांच्या बाळाला सोडून निघणं आणि सहा महिन्यांच्या बाळाला सोडून निघणं यात मोठाच फरक पडतो. वरण-भाताची पेज सुरू झालेलं बाळ आजीजवळ राहू शकतं. त्याआधी रोज दूध काढून ठेवण्याची कसरत आहे.

यापलीकडे आणखी एक महिना आहे, ज्याची आठवण ऑफिस सहसा स्वतःहून करून देत नाही. गरोदरपण, प्रसूती, अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण किंवा गर्भपात यांमुळे आजार झाला असेल, तर २६ आठवड्यांशिवाय वेगळी एक महिन्यापर्यंत रजा, प्रसूती रजेच्याच दराने. ती बाळंतपणानंतरच घ्यावी असं कायद्यात लिहिलेलं नाही. अट एकच, आजार गरोदरपणातून आलेला असल्याचा दाखला. बीपी वाढणं, उलट्यांनी अॅडमिट व्हावं लागणं, वार (प्लासेंटा) खाली असणं, मुदतपूर्व कळा, हे यात येतात. डेंग्यू किंवा टायफॉइड येत नाही, तिथे साधी आजारी रजाच. हिमोग्लोबिन कमी असणं दोन्हीकडे जाऊ शकतं. डॉक्टर काय लिहितात त्यावर ठरतं.

बिनपगारी आजारपण झालं असेल, तर प्रसूती रजेचा पगार कमी होईल ही भीती अनेकींना असते. रोजची सरासरी रजेच्या आधीच्या तीन कॅलेंडर महिन्यांतल्या प्रत्यक्ष काम केलेल्या दिवसांवर काढायची असते. १८ मे पासून रजा असेल तर फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. मार्चमध्ये दहाच दिवस काम झालं असेल, तर त्या दहा दिवसांचा पगार भागिले दहा, भागिले तीस नाही. पगारपत्रक बनवणाऱ्याने एकूण रकमेला नव्वदने भागलं असेल, तर तिथेच लेखी हरकत घ्या.

नवीन नोकरी आणि लांबलेलं आजारपण एकत्र आलं, की धोका ८० दिवसांचा असतो. उदाहरणातल्या बाईसाठी १५ जून २०२५ ते १४ जून २०२६ या काळातले कामाचे दिवस मस्टरवरून मोजा. ७०-७५ वर अडकत असाल, तर डॉक्टरांनी परवानगी दिल्यास घरून काम करून हे दिवस भरून काढणं हाच उपाय, आणि त्या दिवसांची हजेरी लागलीच पाहिजे.

ईएसआय असेल तर गणित वेगळं

बुटीबोरी, हिंगणा एमआयडीसी आणि शहरातल्या दुकानांत, शोरूममध्ये काम करणाऱ्या, महिना २१,००० रुपयांपर्यंत पगाराच्या बहुतेक बायका ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत असतात. त्यांना आजारपणाचे पैसे पगाराच्या ७० टक्के मिळतात, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, आणि पहिले दोन दिवस सहसा कोरडे जातात. प्रसूतीचे पैसे मात्र पूर्ण दराने, २६ आठवडे. एकाच दिवसाचे दोन्ही मिळत नाहीत. त्यामुळे ३२ आठवड्यांनंतर आजारी रजा लांबवली तर दरमहा ३० टक्के पगार जातो, आणि प्रसूती रजा सुरू केली तर पुढचे दिवस जातात. घरात दुसरा पगार असेल तर दिवस वाचवा. नसेल, आणि घरभाडं थकायची वेळ असेल, तर प्रसूती रजा लवकर सुरू करण्यात काही चूक नाही. गरोदरपणातूनच आलेला आजार असेल, तर आधी तो जादा महिना मागा, त्याला पूर्ण दर आहे.

इथे सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट म्हणजे दाखला. खासगी डॉक्टरचं "बेड रेस्ट" लिहिलेलं पत्र घेऊन महिनाभर घरी राहायचं आणि नंतर ईएसआयकडे पैसे मागायचे, हे चालत नाही. दाखला ईएसआयच्या डॉक्टरकडून, म्हणजे आपल्या दवाखान्यातून किंवा सोमवारी पेठेतल्या कामगार विमा रुग्णालयातून, आजारपण सुरू होतानाच घ्यायचा. प्रसूतीच्या पैशांसाठी लागू असलेल्या दोन अंशदान कालखंडांत ७० दिवसांचं अंशदान (विम्याचा हप्ता) लागतं. आपला विमा क्रमांक शाखा कार्यालयात दाखवून ते आधीच तपासून घ्या.

सरकारी नोकरीत

राज्य आणि केंद्र, दोन्हीकडे १८० दिवस, रजा सुरू झालेल्या दिवसापासून मोजलेले, दोनपेक्षा कमी अपत्यं हयात असतील तर. ही रजा दुसऱ्या रजेला जोडून घेता येते, त्यामुळे आजाराचे दिवस वैद्यकीय दाखल्यावर परिवर्तित किंवा अर्जित रजेत दाखवा आणि प्रसूती रजा त्यांना लागून सुरू करा. "मध्ये एक दिवस येऊन सही करून जा" असं कोणी सांगितलं, तर तशी अट कुठल्या नियमात आहे ते विचारा. आजारी बाईने त्या एका सहीसाठी उन्हात सिव्हिल लाइन्स गाठण्याची गरज नाही.

आजार कोणता, त्यावर पहिला दिवस ठरतो

आजार येऊन गेला आणि रिपोर्ट पूर्ववत झाले (डेंग्यू, टायफॉइड, फ्लू, मलेरिया), तर प्रसूती रजा त्यासाठी लवकर सुरू करू नका. डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे पहिले दोन दिवस खरे जोखमीचे. त्यानंतर प्लेटलेट चढतात, पण थकवा दोन-तीन आठवडे सहज राहतो. तेवढी आजारी रजा घ्या, मग आठवडाभर अर्धा दिवस किंवा घरून काम, आणि प्रसूती रजा आधी ठरली होती तेव्हाच, ३६ ते ३८ आठवड्यांना. मात्र हाच ताप ३६ आठवड्यांनंतर आला असेल, तर परत कामावर जाण्याचा विचार सोडा. अंगात ताकद नसताना आणि प्लेटलेट कमी असताना कळा सुरू होऊ शकतात. कावीळ झाली तर जास्तच सावध राहा. दूषित पाण्यातून होणारी ई प्रकारची कावीळ शेवटच्या तीन महिन्यांत आईच्या जिवावर बेतू शकते. तिथे रजेचा हिशोब नंतर, आधी नागपूरचं मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मेयो, एम्स किंवा आयसीयू असलेलं रुग्णालय.

रक्त कमी असेल, तर तारीख हिमोग्लोबिनच्या आकड्यावर ठरवा. ११ च्या खाली गेलं की पंडुरोग, ७ च्या खाली गंभीर. गोळ्या किंवा शिरेतून लोह सुरू केल्यावर आकड्यात फरक दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. ३० आठवड्यांना ८ असेल, तर आजच रजेची तारीख बदलू नका. उपचार सुरू करून ३४ आठवड्यांना पुन्हा तपासा. ९.५-१० वर आलं असेल आणि जिना चढताना धाप लागत नसेल, तर ३७ पर्यंत बसून करायचं काम निभतं. तिथल्या तिथेच असेल, तर ३४ लाच रजा.

आता तिसरा गट, बाळंतपण होईपर्यंत सोबत राहणारे आजार. इथे एक चूक वारंवार होते. बाई १५ जून धरून हिशोब करते आणि डॉक्टरांच्या मनात तारीख वेगळीच असते. बीपीसोबत लघवीतून प्रथिनं जात असतील, तर ३७ आठवडे भरले की बाळंतपण करवतात. आजार तीव्र झाला तर ३४ ला किंवा त्याआधीही. वार खाली असेल तर साधारण ३६ ते ३७ मध्ये सिझर. साखर इन्सुलिनवर असेल तर ३९ च्या आसपास, नुसत्या पथ्यावर आटोक्यात असेल तर चाळीसपर्यंत थांबता येतं. म्हणून ३२ व्या आठवड्याच्या तपासणीत थेट विचारा, "तुमच्या अंदाजाने माझं बाळंतपण कितव्या आठवड्यात करावं लागेल?" आणि मागे मोजायला सुरुवात त्या तारखेपासून करा.

उदाहरणात डॉक्टर ३७ म्हणाले तर ती तारीख २५ मे. त्याआधी चार आठवडे हवे असतील, तर रजा २७ एप्रिलला सुरू, २६ ऑक्टोबरला हजर, आणि बाळ तेव्हा २२ आठवड्यांचं. म्हणजे ३३ व्या आठवड्यात रजा घेऊनही, १८ मे ला सुरू करून वेळेवर बाळंत होणाऱ्या बाईइतकेच दिवस बाळासोबत मिळतात. लवकर रजा घेतली म्हणून मन खायला नको.

बीपीचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण यात त्रास जाणवेपर्यंत उशीर झालेला असतो. १४०/९० च्या वर दोनदा आलं, की नुसतं बीपी असलं तरी घरी यंत्र आणून सकाळ-संध्याकाळ मोजा, पाच मिनिटं शांत बसून, हात टेबलावर ठेवून. गोळीने आटोक्यात आणि लघवी साफ असेल, तर टेबलावरचं काम ३४-३५ पर्यंत चालू शकतं. लघवीत प्रथिनं आली, की कामाचा प्रश्न संपला. तपासण्याच आठवड्यातून दोनदा होतात. १६०/११० झालं, डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे चमकलं, बरगड्यांखाली उजवीकडे दुखलं किंवा तोंड सुजलं, तर तडक दवाखाना, अर्ज मागून घरचे देतील. अंगावरून रक्त, पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी होणं, ३७ च्या आधी ठरावीक अंतराने पोट कडक होणं, यांनाही हेच लागू.

साखर हे स्वतःहून रजेचं कारण नाही. पण जेवणाच्या वेळा पाळता येत नसतील, शिफ्ट बदलत असेल, तर उपाशीपोटी ९५ च्या आत आणि जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या आत राखणं अवघड जातं. अशा वेळी रजेआधी शिफ्ट बदलून मागा.

विदर्भात सिकलसेल विसरून चालत नाही. एएस पॅटर्न असेल, म्हणजे बाई फक्त वाहक असेल, तर सहसा वेगळा हिशोब लागत नाही. एसएस, म्हणजे प्रत्यक्ष आजार असेल तर शरीरातलं पाणी कमी होणं, ताप आणि थकवा, कशानेही दुखणं उसळतं. बाळंतपण जूनमधलं असेल, तर शेवटचे आठवडे एप्रिल-मेच्या उन्हात जातात. एसएसवाल्या बाईने नागपुरात ३२ आठवड्यांनाच रजा सुरू करावी असं आमचं ठाम मत आहे, आणि नाव डागा स्त्री रुग्णालय, मेडिकल किंवा अशाच ठिकाणी लवकर नोंदवावं, जिथे सिकलसेलचा अनुभव आणि रक्तपेढी दोन्ही आहेत.

ऊन आणि रस्ता

एरवी ३८ पर्यंत काम करता आलं असतं अशी तब्येत मे महिन्यात ३६ लाच थांबते. २५ मे च्या आसपास नवतपा लागतो, पारा ४५ च्या घरात असतो, आणि अंगातलं पाणी कमी झालं की पोट वारंवार कडक होतं. त्यामुळे तारीख ठरवताना ऑफिसात एसी आहे की नाही यापेक्षा तिथवर पोचायचं कसं ते पाहा. मेट्रोच्या स्टेशनजवळ घर आणि बर्डीला ऑफिस, हा एक प्रवास. मानेवाड्याहून स्कूटीवर स्कार्फ गुंडाळून दुपारच्या शिफ्टला निघणं, हा दुसरा. आजारातून उठलेल्या बाईने ३० आठवड्यांनंतर स्कूटी चालवूच नये. सकाळी ८ ते २ अशी वेळ मागून पाहा. कंपनी बहुधा देते, कारण तिला काही द्यावं लागत नाही.

उभं राहून करायचं काम, जड उचलणं, यासाठी कायद्यातच सोय आहे. अपेक्षित तारखेच्या सहा आठवडे आधीच्या एका महिन्यात (उदाहरणात ४ एप्रिल ते ३ मे) आणि पुढेही रजा घेईपर्यंत, बाईने मागणी केल्यास असं काम देता येत नाही. मागणी लेखी हवी. शिक्षिका, नर्स, शोरूममधल्या मुली यांनी ही आधी वापरावी, रजा नंतर.

"बेड रेस्ट" म्हणजे नक्की काय

चिठ्ठीवर "पूर्ण आराम" लिहिलं, की घरी बाईला पलंगावरून उठू देत नाहीत. दिवसभर पडून राहिल्याने मुदतपूर्व प्रसूती टळते असं दिसून आलेलं नाही. उलट पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, आजारपणानंतर तर जास्तच. डॉक्टरांना चार गोष्टी स्पष्ट विचारा: सलग किती वेळ बसू, किती उभी राहू, किती किलोमीटर प्रवास, किती वजन. "दोन तास बसून काम, मध्ये पाय मोकळे, प्रवास नको" असं उत्तर आलं, तर ती घरून काम करण्याची शिफारस झाली आणि तीच तशी लिहून घ्या. एकही रजा खर्च न होता तीन-चार आठवडे निघू शकतात.

दाखल्यावर आजाराचं नाव, किती आठवड्यांची गरोदर, अपेक्षित तारीख, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत विश्रांती, आजार गरोदरपणामुळे आहे की नाही, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, सही, शिक्का एवढं असावं. मागची तारीख टाकून घेतलेला दाखला चौकशीत पकडला जातो आणि मग खऱ्या आजारावरही शंका घेतली जाते. आजारी रजेवरून परतताना फिटनेस सर्टिफिकेट द्या, नाहीतर ती रजा मंजूर न होता लटकते आणि पगार निघताना बिनपगारी दिसते.

अर्ज दोन करा

पहिला आजाराचा, दुसरा प्रसूती रजेचा. दुसरा तारीख ठरल्याबरोबर, शक्य तर महिनाभर आधी. मजकूर असा चालेल:

"महोदय, माझी प्रसूतीची अपेक्षित तारीख १५ जून २०२६ असून वैद्यकीय दाखला सोबत जोडला आहे. दि. ३० मार्च ते १९ एप्रिल २०२६ या काळातील माझी अनुपस्थिती ही वैद्यकीय रजा असून ती प्रसूती रजेत धरू नये. प्रसूती रजा मी दि. १८ मे २०२६ पासून घेऊ इच्छिते. वैद्यकीय कारणाने त्याआधी रजा आवश्यक झाल्यास किंवा प्रसूती आधी झाल्यास रजा त्या दिवसापासून सुरू झाली असे समजावे. रजा काळातील देय रक्कम माझ्या पगाराच्या खात्यात जमा करावी."

"प्रसूती रजेत धरू नये" हे वाक्य गाळू नका, सगळा अर्ज त्याच्यासाठी आहे. ईमेल पाठवा, आणि कागदी प्रतही देऊन आपल्या प्रतीवर पोच घ्या, सरकारी कार्यालयात आवक क्रमांकासह. बाळंतपणाआधीच्या काळाची रक्कम गरोदरपणाच्या दाखल्यावर आगाऊ द्यायची असते. नंतरची, प्रसूतीचा पुरावा दिल्यावर ४८ तासांत. रजेवर असताना कामावरून काढणं किंवा पगार, पद कमी करणं बेकायदेशीर आहे. कंत्राट रजेच्या मध्येच संपत असेल, तरी लाभ मिळतो असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलं आहे. लेखी मागणीनंतरही नकार आला, तर नागपूरच्या अपर कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार देता येते. तेव्हा पोच घेतलेली ती प्रतच कामी येते.

माहेरी जायचं असेल तर

पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माहेर यवतमाळ, गोंदिया किंवा चंद्रपूरकडे. आजार झालेला नसता तर ३६ ला निघून चाललं असतं. बीपी, वार खाली, सिकलसेल किंवा मुदतपूर्व कळा असतील, तर आम्ही आईलाच नागपूरला बोलवा म्हणू. ३४ आठवड्यांना डॉक्टर बदलले, की नव्या डॉक्टरांपुढे फक्त फाइल असते, बाई नाही. गेलंच पाहिजे तर ३२ च्या सुमारास जा, म्हणजे तिथे किमान दोन तपासण्या होतील. त्यासाठी रजाही २० एप्रिललाच सुरू होईल, हे आधी मान्य करा. तिथे नवजात बाळाचा आयसीयू आणि रक्तपेढी किती अंतरावर आहे, ते जाण्याआधी विचारून ठेवा. इथल्या सगळ्या रिपोर्टांचा, रक्तगटाचा आणि चालू गोळ्यांचा एक गठ्ठा सोबत हवा.

बाळ आधीच आलं तर

रजा त्याच दिवशी सुरू होते आणि वापरायचे राहिलेले आधीचे आठवडे वाया जात नाहीत, पूर्ण २६ पुढे मिळतात. घरच्यांनी त्याच आठवड्यात ईमेलने कळवावं. सूचना उशिरा गेली म्हणून हक्क जात नाही. बाळ काचेच्या पेटीत असेल, तर ते आठवडेही रजेतूनच जातात, म्हणून अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणासाठीच्या त्या जादा महिन्याचा अर्ज रजा संपायच्या महिनाभर आधी टाका. त्यासाठी तुमच्या आजाराच्या दाखल्यासोबत दोन कागद लागतात. तुमच्या डिस्चार्ज कार्डावर प्रसूती कितव्या आठवड्यात झाली ते लिहिलेलं असावं, आणि बाळाच्या डिस्चार्ज कार्डावर आयसीयूत दाखल केल्याची व सोडल्याची तारीख. घरी जाण्याच्या गडबडीत हे रकाने कोरे राहतात, म्हणून बिल भरायच्या आधी काउंटरवरच उघडून वाचा.